अंगठा वर

अंदमान ठरलं ते सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी बघायची, तो कोलू बघायचा, डोळे पुसायचे आणि गपचूप परत यायचं, असा माझा साधा बेत होता. पण टूरच्या कागदावर पुढे 'हॅवलॉक, दोन रात्री' असं छापलेलं आणि त्याच्यापुढे हिच्या अक्षरात 'स्कूबा!' असं लिहिलेलं. उद्गारचिन्हासकट.

"अगं, मला पोहता येत नाही."

"नाही आलं तरी चालतं. तळाशीच तर जायचंय."

काळ्या पाण्याचं नाव काढलं की आमची आजी कानाला हात लावायची. नातू पैसे भरून त्याच्या तळाशी निघाला होता.

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. स्वराज्यात पाऊल ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे फॉर्म भरणं. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का. शेवटी, काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी माझीच. गृहकर्जाच्या कागदांवरसुद्धा मी इतक्या मुकाट्याने सही केली नव्हती. मग रबरी पोशाख. उशीच्या अभ्र्यात गादी कोंबायची कल्पना करा. दोन पोरं बाहेरून ओढत होती, मी आतून पोट ओढत होतो.

शिकवणारी मुलगी मराठी निघाली, तीही मालवणची. मला धीर यावा म्हणून ती मालवणीत म्हणाली, "काका, स्कूबा तर तारकर्लीक पण असा. हंय कित्याक इलात? निम्म्या पैशात झाला असता." धीर गेला तो गेलाच, वर विमानाचं भाडंही आठवलं.

कमरेएवढ्या पाण्यात शिकवणी झाली. श्वास फक्त तोंडाने. काच धुरकटू नये म्हणून चष्म्यात आतून थुंकायचं आणि तोच चष्मा विसळून डोळ्यांवर चढवायचा. कान दुखले की नाक दाबून हवा फुंकायची, कारण दर दहा मीटरला वातावरणाएवढा आणखी एक दाब वाढतो. आणि खुणा. तर्जनी-अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'.

मी मान डोलावली. पण ३२ वर्षं बँकेत नोकरी झालेली. लोकांचे अंगठे घेता घेता 'झालं, छान, पुढचा' हे सगळं मीही अंगठ्यानेच सांगायला शिकलेलो. हात ऐकतो थोडाच!

पहिली पाच मिनिटं मी समुद्र पाहिलाच नाही. स्वतःचा श्वास ऐकत होतो. जुन्या एसटीने घाट चढावा तसा तो आवाज. मग एका हलत्या झुपक्यातून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जोकर मासा डोकावला. हे सगळे जन्मतः नर असतात. घरातली मादी मेली की सगळ्यात मोठा नर स्वतःच मादी होतो आणि कारभार हातात घेतो. आमच्याकडे त्यासाठी कुणी मरावं लागलं नाही, एवढाच फरक. मी खूश होऊन मुलीला अंगठा दाखवला.

तिने मला वर नेलं.

"काका, काय होतंय?"

"काही नाही. मासा आवडला."

पुन्हा नाक दाबा, फुंका, खाली. आता पोपटासारख्या चोचीचा मासा प्रवाळ कुरतडत होता. करकर असा आवाज चक्क ऐकू येतो. तो प्रवाळ चावतो आणि मागून वाळू टाकतो. इथल्या किनाऱ्यावर आपण 'आहाहा' करत ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूत लोळतो, तिच्यात त्याचा वाटा मोठा. हे कळल्यावर दाद द्यायला नको?

वर.

तिसऱ्या वेळी तिने खाली जाण्याआधीच माझा उजवा हात धरून ठेवला. मी डावा अंगठा दाखवला.

संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर गेलो. 'टाइम'ने २००४ साली याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं, आणि खरंच, तिथे मी काहीही तक्रार करू शकलो नाही. फक्त डिसेंबरात सूर्य तिथे पाचच्या सुमारास मावळतो. आमच्याकडे ती चहाची वेळ. शिवाय खाऱ्या पाण्यातल्या मगरींपासून सावध राहायची पाटी होती. सकाळच्या फॉर्ममध्ये मगरीचा रकाना नव्हता.

रात्री पाण्याखालचे फोटो आले. अकराच्या अकरा फोटोंत मी अंगठा वर करून, गाल फुगवून, खांद्याला धरून वर ओढला जातोय. हिने त्यातला एक सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

सकाळपर्यंत खाली ४३ अंगठे आले होते. सगळे वर. एवढ्या लोकांना मला वर पाठवायचं असेल असं वाटलं नव्हतं.