खुलासा : ‘अवकाशाला मराठीत शब्दच नाहीत’ हे खरं नाही

मालवण-वेंगुर्ल्याच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘अवकाशविज्ञानाला मराठीत शब्द नाहीत, मुलांना ते इंग्रजीतच शिकवा.’ हे साफ चुकीचं आहे. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे, केंद्राचा शब्दावली आयोग १९६१ पासून. परिभाषा घडवणं हे त्यांचं कामच. उपग्रह, कक्षा, प्रक्षेपण हे शब्द तर मराठी-हिंदीत सारखेच चालतात. इस्रो ‘गगनयात्री’ म्हणते, म्हणून आपला ‘अंतराळवीर’ चुकीचा ठरत नाही.

आणि आपल्या बंदरावर बघा. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत आली की पाणी चढतं, काटकोनात आली की मंदावतं. हे सगळं त्या दोन शब्दांत आहे. शिक्षकांनी धडा तिथूनच सुरू करावा. मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.