मागच्या बाकावरचं शैक्षणिक साहित्य

परदेशी विद्यार्थ्यांचा नवशिक्या इंग्रजीचा वर्ग पाहायला जाणाऱ्यानं मागे बसायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, एवढेच नियम. त्या माणसाकडे बोट दाखवून विशेषणं शिकवू नयेत, हाही नियम हवा. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी परवा बसलो होतो, तिथे तो नाही.

येमेन, सुदान, इराण, अफगाणिस्तान इथून मुलं पुण्यात पदवीला येतात; इंग्रजी कच्चं असलं तर आधी ही पायरी. धडा विरुद्धार्थी जोड्यांचा होता: ओल्ड-यंग, टॉल-शॉर्ट, फॅट-थिन. बाईंची पद्धत चोख. आधी चित्रातून अर्थ, मग कानावर उच्चार, मग सगळ्यांनी एका सुरात, मग एकेकट्यानं. फळ्यावर स्पेलिंग सर्वांत शेवटी. स्पेलिंग आधी लिहिलं की मुलं ऐकायचं सोडून वाचायला लागतात आणि ‘टॉक’मधला एलसुद्धा घसा खरवडून बाहेर काढतात. पण चित्रं लॅपटॉपवर होती आणि प्रोजेक्टर नुसताच निळा उजेड पाडत होता. बाईंनी वर्गावर नजर फिरवली. समोर सगळे विशीतले, सगळे सडपातळ. नजर फिरत फिरत मागच्या बाकापाशी थांबली.

“ही इज फॅट,” बाई प्रसन्नपणे म्हणाल्या. वर्गानं एका सुरात म्हटलं. मग अर्ध्या वर्गानं. मग उरलेल्या अर्ध्यानं.

आता एकेकट्याची पाळी. चूक दाखवायला बाई तीन बोटं उभी धरतात, एका बोटाला एक शब्द. जो शब्द चुकला ते बोट हलवायचं, उत्तर द्यायचं नाही. इराणी मुलगी म्हणाली, “शी इज फॅट.” फारसीत तो आणि ती या दोघांना एकच सर्वनाम, म्हणून ही चूक हमखास. पहिलं बोट हललं. सुदानी मुलगा म्हणाला, “ही फॅट.” अरबीत अशा वाक्याला वर्तमानकाळात ‘आहे’ लागतच नाही. मधलं बोट हललं. तिसरं बोट मात्र कुणासाठीही हललं नाही.

इथपर्यंत मी सोसलं. पण पुढच्या रांगेत एक येमेनी तरुण होता, सहा फुटी, अतिशय दयाळू. त्याला माझी कणव आली. “टीचर, नो फॅट. स्ट्राँग!” बाई म्हणाल्या, स्ट्राँग पुढच्या आठवड्यात. मग तो खुर्ची वळवून थेट माझ्याकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, “अंकल, हाउ ओल्ड आर यू?” प्रश्न अगदी बिनचूक. पण मला बोलायची बंदी. मी छताकडे पाहिलं. मला इंग्रजी येत नाही अशी त्याची खात्री पटली. त्यानं तोच प्रश्न सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारला. मी गप्प. मग त्यानं उत्तराची सुरुवात करून दिली: “आय… अ‍ॅम…” आणि भुवया उंचावून थांबला, अगदी बाई थांबतात तसाच. शेवटी हताश होऊन त्यानं स्वतःच वर्गाला सांगितलं, “ही इज सिक्स्टीन.”

बाईंनी मान हलवली. सिक्स्टीनमध्ये जोर शेवटावर, सिक्स्टीत सुरुवातीला. हे त्यांनी टाळ्या वाजवून दाखवलं. मुळात घोटाळा होतो तो आकडे ओळीनं घोकून घेतल्यानं. थर्टीन, फोर्टीन, फिफ्टीन असं म्हणत गेलं की जोर आपोआप सुरुवातीकडे सरकतो आणि दोन्ही शब्द सारखेच ऐकू यायला लागतात. हे सगळं मला मान्य आहे. पण त्या मुलाचा उच्चार स्वच्छ सिक्स्टीन होता. तो चुकीचा आहे हे बाईंनी कानांनी ठरवलं नाही, माझ्याकडे बघून ठरवलं. माझी पन्नाशी नुकतीच उलटली आहे. “सिक्स्टी! सिक्स्टी!” वर्ग टाळ्यांवर गर्जत होता.

तरीही ही पाहणी टाळता येत नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या प्रशिक्षणात किमान १२० तासांपैकी ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहायचे असतात, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे मागे बसून पाहणारा म्हणजे साहेब. तो आला की बाई “समजलं का?” विचारतात, पोरं “हो बाई” म्हणतात आणि साहेब सही ठोकतात. “समजलं का?” हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न, न समजलेलाच आधी हो म्हणतो. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. ६० पोरांच्या वर्गात ४५ मिनिटांचा तास. बाईंनी चकार शब्द काढला नाही तरी एकेकाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात, आणि बाई तर अख्खा तास बोलतात. परव्याच्या वर्गात निदान प्रत्येक मुलगा पंधरा-वीस वेळा बोलला. माझ्या पोटाबद्दल बोलला, पण बोलला.

गृहपाठ होता ‘एका व्यक्तीवर पाच वाक्यं, त्यातली दोन नकारार्थी.’ येमेनी तरुणानं लगेच मोबाइल काढला आणि हातानं खुणावलं, अंकल, उभे राहा. बसल्यावर पोट बाकाखाली जात होतं. मी उभा राहिलो. त्यानं एक फोटो समोरून काढला, मग मला खांद्याला धरून वळवलं आणि एक बाजूनं काढला. मग म्हणाला, “थँक यू. व्हेरी गुड फॅट.”

बाईंनी त्याचंही एक बोट हलवलं. पहिलं, ‘व्हेरी’चं.