शेजारधर्म शिकवायचाच असेल तर

मुंबईच्या आग्रीपाड्यात एकाच मजल्यावर बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आणि मुसलमान अशी बिऱ्हाडं समोरासमोर राहतात असं कळलं, की आधी काळजीला लागा. त्यांना सवड नसेल, त्यांच्या वतीने तुम्ही करा. रात्री बातम्या बघायच्या आणि सकाळी दोन्ही दारं वाजवून दबक्या आवाजात विचारायचं, "सगळं ठीक ना?" 'कुठलं ठीक, टाकीत पाणी नाही,' असं उत्तर आलं तर विषय टाळतायत, एवढं ओळखा.

मग सलोख्याचं जेवण घाला. दोघेही डुकराचं खात नाहीत, एवढा अभ्यास भरपूर झाला. हलाल मटण आणा, दह्यात चार तास मुरवा, बिर्याणीवर साजूक तूप सोडा, शेवटी फिरनी. बेने इस्रायली आजी काकडी-लिंबू तेवढं खातील. कारण विचारू नका, मनात अढी आहे असं परस्पर ठरवून टाका. कारण विचारलंत तर पंचाईत होईल: मांसाबरोबर दूध, दही, तूप काही चालत नाही, म्हणून त्यांच्या मटणात नारळाचं दूध पडतं. शिवाय बकरा शोहेतने, म्हणजे यहुदी रीतीने जनावर कापणाऱ्यानेच, कापलेला हवा. नंतर मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून तीनदा धुवायचं. समोरच्या खालाला हे सगळं तोंडपाठ असतं. ईदचा शीरखुर्मा पाठवण्याआधी ती विचारते, "आज मटण शिजलंय का? मग उद्या देते." असल्या बारीकसारीक चौकशांत तुम्ही वेळ घालवू नका.

दुसऱ्या खेपेला कोळंबी करा. कोकणी मुसलमान मिटक्या मारतील, आजी हात लावणार नाहीत. त्यांना पर आणि खवले असलेलाच मासा चालतो, कोळंबीला ना पर, ना खवले. अढी पुन्हा सिद्ध! सोबत वाइनची बाटली न्या, यहुद्यांना किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या प्यालाला, लागतेच म्हणे. बेने इस्रायली घरांत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचंच सरबत करण्याची रीत आहे आणि ते समोरची पोरंही पितात, पण त्यात सलोख्याचा फोटो कसा येणार?

तारीख मात्र रमझानातल्या शुक्रवारची, वेळ सूर्यास्ताची. एका घरात शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, दुसऱ्यात त्याच वेळी रोजा सुटतो. कोणीच येणार नाही. तुमच्या अहवालाला याहून चांगला पुरावा कुठला?

तरीही हौस फिटली नसेल तर माझगावच्या सर एली कडूरी शाळेत सहजीवनावर व्याख्यान द्या. ती १८७५ साली बेने इस्रायली मुलांसाठी निघाली. आज बाकांवर बहुतेक मुसलमान मुलं बसतात. भाषण चांगलं तासभर लांबवा. टाळ्या हमखास पडतील, गणिताचा तास बुडालेला असेल.