आधी खर्चाचं लिहा, पाट्या नंतर लावू

सोलापुरातल्या कुठल्याही ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये जा, सात रस्ता असो नाहीतर नवी पेठ, जिन्यात पाट्या भरपूर. 'येथे थुंकू नये', 'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल', 'लिफ्ट फक्त चौघांसाठी'. पहिल्या पाटीखालचा कोपरा माव्यानं रंगलेला, दुसरीखाली गाड्यांची रांग आणि लिफ्ट बंद. आमच्या बिल्डिंगची नियमावली नव्यानं लिहायचं काम सध्या माझ्या गळ्यात पडलंय. मी टॅक्सची कामं करतो, म्हणजे मला सगळेच कायदे येतात असा लोकांचा समज.

माझं मत सांगून टाकतो. 'करू नये'ची यादी शेवटच्या पानावर टाका. आधी लिहा की पैसे कोण भरणार, किती, कधीपर्यंत, आणि नाही भरले तर काय. आमच्याकडं भांडणं थुंकण्यावरून होत नाहीत, मेंटेनन्सवरून होतात.

आणि त्यातलं सगळ्यात जुनं भांडण लिफ्टचं. तळमजल्यावरचा दुकानदार म्हणणार, "मी आयुष्यात लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही, मी का देऊ?" ऐकायला पटतं. पण बिल्डिंग १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल (ऑफिस, दुकानं, दवाखाना, सगळं त्यात बसतं), तर 'मी वापरत नाही' म्हणून सामाईक खर्चातून सुटता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. गंमत पुढं आहे. खर्चाची वाटणी डिक्लेरेशनमध्ये (म्हणजे बिल्डिंग या कायद्याखाली आणणारा घोषणापत्राचा दस्त) लिहिलेल्या टक्क्यांवर होते आणि हे टक्के काढतात गाळ्याच्या किमतीवरून. रस्त्याला लागून असलेल्या तळमजल्याच्या गाळ्याची किंमत सगळ्यात जास्त. म्हणजे जो लिफ्टमध्ये कधीच चढत नाही, त्याचाच वाटा मोठा! बरं, टक्के बदलायचे तर सगळ्या मालकांची संमती पाहिजे. आमच्याकडं सगळे मालक एका वेळी फोनसुद्धा उचलत नाहीत.

दुकानदाराचा राग मला चुकीचा वाटत नाही. चौथ्या मजल्यावर क्लास आहे, दर तासाला पोरांची झुंबड लिफ्टवर. त्यांनी आणि एकट्या बसणाऱ्या वकिलानं सारखंच द्यायचं का? म्हणून मी मसुद्यात असं घेतलंय: दोर, मोटर, मोठी दुरुस्ती डिक्लेरेशनच्या टक्क्यांनी. ज्यांच्याकडं माणसांची वर्दळ आहे, क्लास, दवाखाना, लॅब, त्यांच्याकडून वापराचा वेगळा आकार लेखी कबूल करून घ्यायचा. आणि त्या दुकानदाराला दुसरी बाजूही दाखवली. ज्या टक्क्यांनी खर्च, त्याच टक्क्यांनी सामाईक उत्पन्न. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या भाड्यात त्याचाच वाटा मोठा. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "मग मागचं किती निघतं माझं?"

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. नियम मालक करतात आणि बसतात भाडेकरू. आमचे निम्मे मालक पुण्यात. वर्षाच्या सभेला येतात, ठराव करतात, दुपारच्या गाडीनं परत. भाडेकरूला त्या ठरावाचा कागदसुद्धा दिसत नाही, आणि मग आपण म्हणतो लोक नियम पाळत नाहीत. निवासी सोसायटीचे उपविधी जसेच्या तसे उचलले की हे असं होतं. तिथं राहणारा बहुधा मालक असतो, इथं नसतो. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायला देण्याचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. त्याला नियमावली परिशिष्ट म्हणून जोडा, पानापानावर भाडेकरूची सही घ्या. आणि भाडेकरूंचा एक माणूस समितीच्या बैठकीत बसू द्या. मताचा अधिकार नको देऊ, पण बोलू तर दे. कुठल्या मजल्यावर पाणी चढत नाही हे पुण्यात बसून कळत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. नळाला काही दिवसांआड येतं, एरवी बोअर आणि टँकर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं, टँकरचं बिल फुगतं, आणि दातांच्या दवाखान्यानं व बंद ऑफिसनं ते सारखं वाटून घ्यायचं. माझ्या मते इथं टक्के-बिक्के नको, प्रत्येक लाइनला मीटर बसवा. एकदाच खर्च होतो.

पाण्यावरून टॉयलेट. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटची किल्ली एका लाकडी पट्टीला सुतळीनं बांधलेली असते. ती पट्टी झेरॉक्सवाल्याच्या काउंटरमागं खिळ्याला. माझ्याकडं काम करणारी मुलगी दर वेळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभी राहून किल्ली मागते. ती सकाळपासून पाणी कमी पिते हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कुलूप का, तर बाहेरचे लोक घाण करतात. मग बाहेरच्यांसाठी तळमजल्यावर वेगळी सोय करा ना! मसुद्यात वाक्य घातलंय: कामाच्या वेळेत महिलांच्या टॉयलेटला बाहेरून कुलूप असणार नाही, सफाई दिवसातून दोनदा, दाराआड तक्ता, त्यावर सही. सफाईच्या मावशी तेलुगू बोलतात, वॉचमन कन्नड. त्यामुळं हे त्यांना तोंडी समजावून सांगायचं कामही कोणाच्या तरी नावावर लिहावं लागेल. आमच्या गावात मराठीत नोटीस चिकटवली म्हणजे कळवलं असं होत नाही.

आगीबद्दल मात्र मी कोणाशी तडजोड करणार नाही. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्यानंतर आठवडाभर आमच्या जिन्यातले खोके हलले होते. आता परत तिथंच आहेत, वर कुणाचा तरी जुना फायलींचा गठ्ठा आणि स्टॅबिलायझर. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानं जबाबदारी मालक आणि वापरणारा दोघांवरही टाकलीय. यंत्रणा चालू आहे याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा द्यायचा, जानेवारीत आणि जुलैत. जानेवारीत आपल्याकडं गड्ड्याची जत्रा, जुलैत रिटर्नची घाई, म्हणजे दोन्ही वेळेला 'पुढच्या आठवड्यात बघू'. म्हणून नियमात फॉर्म भरणाऱ्या माणसाचं नाव पाहिजे, नुसतं 'समिती' नको. जिन्यात सामान दिसलं तर एका दिवसाची नोटीस, नंतर वॉचमन उचलून खाली ठेवणार, हमालीचा खर्च गाळेधारकाच्या बिलात.

वेळेचं थोडक्यात. रात्री साडेनऊला गेट बंद असा नियम कोणीतरी सुचवला. जुलैत आणि मार्चअखेरीला आम्ही कधी घरी जातो हे त्यांनी एकदा येऊन बघावं. त्या काळासाठी सूट लिहून ठेवली, वॉचमनचा जादा पगार आम्ही रात्री बसणारे देऊ.

राहिलं पार्किंग. त्याचं पान अजून कोरं आहे. स्टिल्टमधली (बिल्डिंगखाली खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दिला. आमच्या बिल्डरनं त्याच्या आधीच पट्टे मारून पावत्या फाडल्या होत्या, आणि एका पट्ट्यावर दोघांचा हक्क आहे. दोघांकडंही पावती, दोघंही खरे. पैसे परत मागायला बिल्डर कुठं आहे कोणाला ठाऊक. दिवस वाटून द्यावेत असं एक जण म्हणतो, चिठ्ठ्या टाकाव्यात असं दुसरा. तुमच्या बिल्डिंगमध्ये हे मिटलं असेल तर कसं मिटवलं ते सांगा, सभा रविवारी आहे.