ताट आणि ऊन

ज्या ठाण्याची ओळखच तलावांचं शहर अशी, त्यात वर खाडीची दमट हवा, तिथे काही वाळवायला काढणं म्हणजे मासळीबाजारात अत्तराचं दुकान थाटणं. पण हे शहाणपण मागाहूनचं. मे महिन्यात रत्नागिरीहून आईचा फोन आला, "यंदा आंबोशी जमायची नाही रे, गुडघे धरलेत." मी म्हणालो, "त्यात काय, मी करतो." बायकोने नुसता चष्मा वर सारला.

दोन किलो कैऱ्या सोलल्या, फोडी केल्या, मीठ लावून रात्रभर ठेवल्या. इथवर मी राजा. सकाळी कळलं की आमच्याकडे ऊन येतं, पण बसत नाही. बाल्कनीत आठ ते सव्वानऊ. मग समोरचा टॉवर आडवा येतो. त्याच्या आणि शेजारच्या टॉवरच्या फटीतून बेडरूमच्या ग्रिलमध्ये अर्धा तास. तीननंतर थेट बाथरूमच्या खिडकीत. मी ताट घेऊन मागे मागे. संध्याकाळी मुलगी बाहेरून विचारते, "बाबा, आंघोळ करू, की कैऱ्यांची होऊ दे आधी?"

शेवटी गच्ची. तिला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, आणि त्यांना अर्ज हवा. 'कारण' या रकान्यात मी 'कैरी' लिहिलं. रविवारी दहा ते एक अशी परवानगी मिळाली.

टाकीजवळची उत्तम जागा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांनी आधीच अडवलेली. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखा मी कडेला टेकलो. कबुतरांसाठी बायकोची जुनी ओढणी पसरली (जुनी होती हे माझं मत). काकूंनी एक फोड उचलून वाकवली. "भाऊ, ही वाळली नाहीये, नुसती रुसलीये."

मग त्यांनी समजावलं. नुसतं ऊन भागत नाही, हवा कोरडी लागते. त्यांच्या माहेरी, सोलापूरला, फोडीतलं पाणी हवा पिऊन टाकते. इथली हवा आधीच पोटभर प्यायलेली, ती आणखी कुठे पिणार? रात्री ताट उघडं राहिलं तर दिवसभर गेलेलं पाणी परत मुक्कामाला.

म्हणून ओव्हन. वाळवायला साधारण 60 अंश पुरतात, आमचा 100 च्या खाली उतरत नाही. फोडी वरून चपलेच्या तळव्यासारख्या, आतून ओल्याच. वरचा थर आधी कडक झाला की आतलं पाणी कोंडतं, हे मला फोड चावल्यावर कळलं. उरलेल्या फोडींवर पाचव्या दिवशी पांढरं काही दिसलं. मी म्हटलं, मीठ फुटलंय. बायको म्हणाली, "मिठाला लव कधीपासून यायला लागली?"

रात्री आईचा फोन. "किती झाली रे?"

"बरणीचा तळ झाकेल एवढी."

"अगदी बरोबर! कैरीत पाणीच तर असतं सगळं. गुण आहे हो तुझ्या हाताला."

निम्म्याहून जास्त फोडी ओल्या कचऱ्यात गेल्या, हे मी बोललो नाही. कचऱ्याच्या त्या डब्यावर 'ओला' लिहिलेलं वाचून मात्र बायको बराच वेळ हसत होती.