द्राक्षांची दारू पोटात होत नाही

द्राक्षांचा हंगाम भरात आला की निफाडहून दादा एक क्रेट पाठवतो. यंदाही आलं. त्याच दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी तो मेसेज टाकला, जो दर हंगामाला वारीसारखा न चुकता येतो. रात्री मी घरोघर वाटीभर द्राक्षं द्यायला निघाले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ठेव गं तिकडे, उद्या उपाशीपोटी खाऊ. आत्ताच जेवण झालंय, पोटात दारू व्हायची."

नाशिककराने हे वाक्य म्हणावं, याची मला गंमत वाटली. द्राक्षाची दारू कशी होते हे आपल्याइतकं महाराष्ट्रात कुणाला ठाऊक असणार?

ज्यांच्याकडे तो मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचं सार: जेवणानंतर फळ खाल्लं तर ते अन्नावर अडकतं, सडतं आणि आंबून त्याची दारू होते. डाळ-भात, उसळ-पाव एकत्र खाऊ नये, कारण प्रथिनांना आम्ल लागतं, पिष्टाला अल्कली, आणि दोन्ही एकमेकांना मारतात. जेवताना पाणी पिणं म्हणजे जठराग्नीवर पाणी ओतणं. 'वाग्भट ऋषींनी म्हटलंच आहे, भोजनान्ते विषं वारि'. थंड पाण्याने तेल गोठून आतड्याला चिकटतं आणि पुढे कॅन्सर होतो. शेवटी, प्रत्येकाच्या आतड्यात पाच किलो जुना मळ असतो, तो कोमट लिंबूपाण्याने सुटतो. सर्वांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.

मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवते, आणि पचनसंस्था हा धडा इतक्यांदा शिकवलाय की त्याची आकृती डोळे मिटून काढता येईल. म्हणून हे एकेक करून घेते.

आधी द्राक्षं. दिंडोरीकडे किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या वायनरीत गेला असाल तर तिथल्या स्टीलच्या टाक्या पाहिल्या असतील. द्राक्षं चुरडून त्या रसात यीस्ट वाढू द्यायचं, तापमान सांभाळायचं, आणि साखरेचं अल्कोहोल व्हायला आठवडा, कधी दोन आठवडे थांबायचं. पोटात काय घडतं? जेवण जठरात साधारण दोन ते चार तास राहतं, फार तेलकट असेल तर आणखी थोडं. डिसेंबरात इथल्या थंडीत इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही सकाळी फुगत नाही, म्हणून आपण त्याला गोधडीत गुंडाळतो. आणि द्राक्षांनी मात्र दोन तासांत दारू गाळावी? दादाला हे जमलं असतं तर त्याने बाग विकून पोटंच भाड्याने घेतली असती.

वेळेचा हिशेब सोडा, यीस्टला जागाही सोयीची नाही. रिकाम्या जठरातलं आम्ल दीड-दोन पीएच इतकं तीव्र असतं (हा आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र). जेवल्यावर ते थोडा वेळ सौम्य होतं, मग पुन्हा चढतं. आणि 'अन्नावर अडकतं' म्हणजे नेमकं कुठे? जठर म्हणजे डबा नव्हे, की खाली भात, वर द्राक्षं अशी रचना तशीच राहील. ती स्नायूंची पिशवी आहे. मिनिटाला साधारण तीन वेळा तिच्यावर लाट येते, अन्न खालच्या टोकाशी ढकललं जातं, घुसळलं जातं, मागे फेकलं जातं. त्या टोकाला एक दरवाजा असतो आणि तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण सहसा सोडत नाही. पातळ झालेलं आधी सरकतं, जाडंभरडं पुन्हा घुसळायला मागे जातं. जेवणानंतर खाल्लेलं द्राक्ष उपाशीपोटी खाल्लेल्या द्राक्षापेक्षा उशिरा पुढे जातं, एवढं मात्र खरं. पण उशीर होणं आणि सडणं यांत फरक आहे. उलट साखर हळूहळू आतड्यात उतरते. शिवाय द्राक्षातली साखर म्हणजे बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तिला पचवावंसुद्धा लागत नाही, लहान आतड्याचं अस्तर ती जशीच्या तशी उचलून घेतं.

सडण्याचा प्रश्न तर अठराव्या शतकातच निकालात निघाला. पचन म्हणजे एक प्रकारचं कुजणंच, असं तेव्हा बरेच विद्वान मानत. स्पालान्झानी नावाचा इटालियन धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ होता. त्याने कापडाच्या छोट्या पिशव्यांत अन्न शिवून त्या स्वतः गिळल्या. पक्ष्यांच्या जठरातला रस काढून नळ्यांत मांस घातलं आणि ऊब मिळावी म्हणून त्या नळ्या काखेत धरून दिवस काढले. (घरच्यांचं काय झालं असेल, देव जाणे.) पाण्यातलं मांस सडलं, वास मारू लागलं. जठररसातलं मांस विरघळलं, पण कुजलं नाही. जठररस अन्नाला सडू देत नाही, हे त्याने दाखवलं. आपल्याकडे मेसेज अजून त्याच्या आधीच्या काळात आहे.

आता कुणी म्हणेल, मला खरंच फळ खाल्ल्यावर गॅस होतो. होत असेल. आंबणं शरीरात होतंच, पण ते मोठ्या आतड्यात. जो चोथा आपल्याला पचवता येत नाही, तो तिथले जीवाणू आंबवतात, त्यातून थोडा वायू आणि काही आम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. म्हणजे हे आंबणं हवंच. काही जणांना फ्रुक्टोज नीट शोषता येत नाही, ते खाली जाऊन जास्त वायू करतं; अशांनी द्राक्षं बेतानं खावीत, मग ती जेवणाआधी असोत की नंतर. यीस्टमुळे आतड्यात खरोखर अल्कोहोल तयार होण्याचा एक आजारही आहे, पण तो इतका दुर्मीळ की सापडला की वैद्यकीय नियतकालिकात त्याची बातमी होते.

आता उसळ-पाव, म्हणजे थेट मिसळीवर घाला. रविवारी सकाळी मखमलाबाद रस्त्याला किंवा गंगापूर रोडला मिसळीसाठी रांगा लावणारं हे शहर त्या नियमाने एव्हाना ओस पडायला हवं होतं. मोड आलेली मटकी घ्या. कोरड्या मटकीत जवळपास पाव भाग प्रथिनं आणि निम्म्याहून जास्त कर्बोदकं असतात, एकाच दाण्यात. प्रथिनं आणि पिष्ट एकत्र नको म्हणणाऱ्याने तो दाणा सोलायचा कसा? तान्ह्या बाळाला आईच्या दुधातून साखर, प्रथिनं आणि मेद एकाच घोटात मिळतात, त्याचं कसं चालतं?

आम्ल आणि आम्लारी (म्हणजे मेसेजमधली अल्कली) एकमेकांना मारतात ही गोष्ट चंचुपात्रात खरी आहे. शरीरात त्यांची जागा आणि पाळी ठरलेली आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावा, गोड लागू लागेल. लाळेतल्या विकराने (एन्झाइमने) पिष्टाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात केलेली असते. जठरात प्रथिनं तुटायला लागतात, पण तिथे नुसती सुरुवात होते. आजारपणात जठर काढून टाकलेली माणसंसुद्धा वरण-भात पचवतात, कारण खरा कारखाना पुढे आहे. आम्लात भिजलेलं अन्न लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर आलं की तिथल्या भिंतीतून सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचा (हार्मोनचा) निरोप रक्तातून स्वादुपिंडाकडे जातो. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी तो शोधला. निरोप मिळताच स्वादुपिंड खाण्याच्या सोड्यासारखा आम्लारीधर्मी रस सोडतं आणि आम्ल तिथेच शमतं. त्याच रसात पिष्ट फोडणारं, प्रथिनं फोडणारं आणि मेद फोडणारं अशी सगळी विकरं एकत्र, एकाच नळीतून येतात. आज भात आहे म्हणून प्रथिनांची विकरं आत ठेवली, असं होत नाही. शेवटचे तुकडे आतड्याच्या अस्तरावर होतात आणि पेशी ते आत ओढून घेतात. हे अस्तर उलगडलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल असं आम्ही मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. 2014 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजलं, तर सगळी पचननलिका मिळून बत्तीसेक चौरस मीटर निघाली, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट. तेव्हापासून वर्गात मी माझं वाक्य सुधारलंय. काकांनीही सुधारायला हरकत नाही.

पाण्याचं बघू. पचननलिकेत रोज साधारण नऊ लिटर द्रव येतो. त्यातला आपण प्यायलेला जेमतेम दोन लिटर. बाकीचा लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस असा शरीरानेच सोडलेला. शौचावाटे बाहेर जातं ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर, उरलेलं सगळं पुन्हा शोषलं जातं. एवढ्या ओल्या व्यवहारात जेवतानाचं एक भांडं पाणी कुणाचा अग्नी विझवणार? पाणी जठरातून झपाट्याने पुढे जातं आणि आम्ल पातळ झालंच तर जठर आणखी सोडतं.

आणि ते 'भोजनान्ते विषं वारि' वाग्भटांचं नव्हे. तो श्लोक चाणक्यनीतीत आहे, आणि मेसेजवाल्याने त्याचा फक्त शेवट उचललाय. त्याच ओळीत आधी म्हटलंय की जेवताना पाणी अमृत आहे. वाग्भटांचं म्हणाल तर त्यांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात जेवणाच्या मध्ये पाणी पिणाऱ्याचं शरीर सम राहतं असं सांगितलंय. आधी पिणारा कृश होतो, नंतर पिणारा स्थूल. हे आजच्या विज्ञानाला धरून आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यांचं नाव घेता त्यांचं निदान वाचा तरी. आमच्या आजोबांच्या ताटाशेजारी तांब्या-भांडं उगीच नसायचं.

थंड पाण्याचं लवकर उरकते. निफाडला थंडीत पारा दहाच्या खाली गेला की खोबरेल बाटलीत गोठतं, हे खरं. बाटली उन्हात ठेवली की वितळतं. पोट कायम सदतीस अंशांवर असतं. फ्रिजमधलं पाणी तिथे पोचून थोड्या वेळात कोमट होतं, आणि त्या तापमानाला तूपसुद्धा पातळ असतं. मेद पचवायला पित्त असतं: साबण जसा तेलाचे बारीक थेंब करतो तसं ते करतं, मग विकर त्यांना फोडतं. शोषलेला मेद थेट रक्तात न जाता आधी लसिकावाहिन्यांतून फिरून मानेजवळ रक्ताला मिळतो. तेलकट जेवणानंतर काही तासांनी रक्त घेतलं तर नळीतला द्रव दुधाळ दिसू शकतो, तो याच्यामुळे. म्हणजे तेल आतड्याला चिकटून बसत नाही, ते आत गेलेलं असतं आणि कमरेवर दिसतं. कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये सावध केलं ते उलट बाजूने: 65 अंशांहून कडक पेयांमुळे अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा संभव आहे. वाफाळता चहा घशाखाली ओतत काकांनी थंड पाण्याचा मेसेज टाकला असेल, अशी मला दाट शंका आहे.

पाच किलो मळाला एवढंच उत्तर की लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नव्या येतात. भिंतच दर आठवड्याला बदलते, तर तिला वर्षानुवर्षं काय चिकटणार? आणि जठरातलं आम्ल लिंबापेक्षा तीव्र असताना कोमट पाण्यातल्या अर्ध्या लिंबाने आणखी काय सुटायचं? आवडत असेल तर प्या.

हसून सोडून द्यावं असा हा मेसेज वाटला असता, पण माझ्या जाऊबाईंचं हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जेवणात पालेभाजी, कडधान्यं, सोबत लिंबू किंवा पेरू घ्यायला सांगितलं. भाजी-डाळींमधलं लोह शोषायला अवघड असतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते लोहाला सोप्या रूपात आणतं, आणि आतड्याच्या पहिल्याच भागात ते उचललं जातं. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं. द्राक्षांत अगदीच थोडं, हे दादाला सांगू नका. मिसळीवर लिंबू पिळणाऱ्याने नकळत मटकीतल्या लोहाची सोय केलेली असते. याउलट जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातले घटक लोहाला धरून ठेवतात; तासभर थांबणं बरं. या चहाबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

मेसेज वाचून जाऊबाईंनी जेवणानंतरचा पेरू बंद केला होता. चहा चालू होता. परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा दुपारचं जेवण झालं होतं आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं. मी गॅस बंद केला, पेरू चिरला, मीठ-तिखट लावून पुढे ठेवला. त्यांनी आधी पेरूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आंबला तर?"

"तर मला हाक मारा, बाटलीत भरून ठेवू."

दोन फोडी खाल्ल्या त्यांनी. चहा मात्र तासाने दोघींनी मिळून घेतला.