दोन मिनिटं, काका

सकाळी ६ वाजून ५ मिनिटं. पुण्यातल्या धायरीतली एक मोठी सोसायटी, सी बिल्डिंगचं पार्किंग. गाडी चालू आहे, आत तीन मुलं डुलक्या घेतायत. आमच्या गाडीतल्या मदतनीस ताई फोन लावतात. सहाव्या मजल्यावरून आवाज येतो, "दोन मिनिटं हं काका, डबा भरतेय."

गेली १७ वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. धायरी, वडगाव, आनंदनगर या भागातली मुलं घेऊन टिळक रस्त्याच्या बाजूच्या शाळेत सोडायची आणि परत आणायची, हा माझा धंदा. सकाळी पाचवी ते आठवीची ९ मुलं, त्यानंतरच्या पाळीला लहान वर्गांची ८. ही पोस्ट फी वाढवण्यासाठी नाही हे आधीच सांगतो. इंधनाबद्दल बोलायचं आहे, आणि माझ्या पालकांकडे एक मागणं आहे. शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमचा दर जूनमध्ये ठरतो आणि वर्ष संपेपर्यंत हलत नाही. इंधनाचं तसं नाही. १६ जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचे दर देशभर रोज सकाळी ६ वाजता बदलायला लागले. त्याआधी ते पंधरवड्याने बदलायचे. म्हणजे आम्ही जूनमध्ये पालकांना शब्द द्यायचा आणि पुढचं वर्षभर पंपावरचा बोर्ड बघत बसायचं.

२०२२ साल मी विसरणार नाही. आधीच्या नोव्हेंबरपासून साडेचार महिने पेट्रोलचा दर जागचा हलला नव्हता. मधे पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. १० मार्चला निकाल लागले, आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत पेट्रोल १० रुपयांच्या आसपास चढलं. मी सीएनजी गॅसवाला, मला वाटलं आपण वाचलो. १ एप्रिलपासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला होता, आम्ही सगळे व्हॅनवाले खूश होतो. पण त्याच तारखेपासून केंद्राने देशातल्या जुन्या विहिरींच्या गॅसचा, म्हणजे ज्यापासून सीएनजी होतो त्याचा, दर मापाला २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर, दुपटीहून जास्त केला होता. एकाने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं. पावसाळा संपायच्या आत पुण्यात किलोचा दर नव्वदीच्या पलीकडे गेला. जूनमध्ये ठरलेली फी तीच होती.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू बाहेर ठेवले गेले, ते अजून बाहेरच आहेत. ते जीएसटीत आणा असं मी जिथे संधी मिळेल तिथे म्हणतो आणि म्हणत राहणार. गाडीवर पोट असणाऱ्या माणसाला निदान वर्षभराचा अंदाज तरी बांधता आला पाहिजे. पण ही मागणी मान्य होईल तेव्हा होईल. सोमवारी सकाळी गाडी मलाच काढायची आहे, म्हणून माझ्या हातात काय आहे ते मी शोधायला लागलो.

सुरुवात वहीपासून केली. साधी १०० पानी वही, गाडीच्या कप्प्यात असते. तारीख, किलोमीटर, किती किलो गॅस, किती पैसे, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. गॅसवाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पंपावर प्रेशर कमी असलं की टाकी पूर्ण भरत नाही. एकच टाकी कधी ८ किलो घेते, कधी साडेसहावर काटा थांबतो. त्यामुळे एका भरण्यावरून ॲव्हरेज काढाल तर चुकाल. महिन्याचे किलोमीटर आणि महिन्याचे किलो यांची वेगवेगळी बेरीज करा, मग किलोमीटरला किलोने भागा. पेट्रोलवाल्यांनी टाकी फुल करून पुढच्या फुलपर्यंतचा हिशोब धरावा, तो बरोबर येतो.

सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलांचं काम चालू होतं, तेव्हाची पानं या वहीत लगेच ओळखू येतात. राजाराम पुलापासून मागे रांग, पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. ॲव्हरेजचा रकाना बघितला तरी ते दिवस आठवतात.

दोन वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात मात्र रस्ता मोकळा असूनही ॲव्हरेज साडेसतरावरून सोळावर आलं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने मागच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर बोटाने थुंकी लावली आणि म्हणाला, "बघा." अगदी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, परत आला. पिन खराब होती. हवा रोज थोडी थोडी जात होती आणि मी महिनाभर दबलेलं चाक ओढत होतो. पिन बदलायला किरकोळ पैसे लागले. त्या दिवसापासून हवा मोजायचा छोटा गेज माझ्या दाराच्या कप्प्यात असतो. दर सोमवारी गाडी काढायच्या आधी, टायर गार असताना, चारही चाकं बघतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. पंपावर हवा फुकट मिळाली पाहिजे असा नियम आहे. कोणी "मशीन बंद आहे" म्हणालं तर शांतपणे पण नक्की विचारा, आपला हक्क आहे तो. मोजमापाची शंका आली तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यातून मोजून दाखवा म्हणण्याचाही हक्क आहे.

आता पायाबद्दल. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. म्हणून लांबून लाल सिग्नल दिसला की मी पाय उचलतो आणि गाडीला आपल्या वेगाने जाऊ देतो. मागचा हॉर्न मारतो, मारू दे. दांडेकर पुलाच्या सिग्नलला तो आणि मी शेजारी शेजारीच उभे असतो.

उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो. कार्बोरेटरच्या काळात आमच्यातले जुने लोक घाटात गाडी न्यूट्रल करून, काही जण तर बंदच करून सोडायचे, आणि मीही ते शिकलो होतो. एकदा जेजुरीहून येताना दिवे घाटात वरून इंजिन बंद केलं. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणावर समोर ट्रक हळू झाला, मी ब्रेक दाबला, आणि पेडल दगडासारखं लागलं. इंजिन बंद असलं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला ताकद मिळत नाही, आधीची साठलेली ताकद दोन-तीन वेळा दाबेपर्यंत संपते. दोन्ही पायांनी दाबून गाडी थांबली. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं मला वाचता येत होती इतकं अंतर उरलं होतं. मागे माझ्या घरचे बसले होते. नव्या गाडीत तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच इंधन लागतं, गिअरमध्ये उतरली तर ते वाचतं. म्हणजे जीवही धोक्यात आणि पैसेही जास्त.

एवढं सगळं करूनही वही मला समाधान देत नव्हती. महिन्याची बेरीज जिथे कमी व्हायला हवी होती तिथे होत नव्हती. मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ताईंनी एक काम केलं. आठवडाभर मोबाइलचं घड्याळ लावून सकाळच्या पाळीत आपण कुठे किती थांबतो ते लिहिलं. ९ मुलं, ७ थांबे, आणि रोजचं थांबणं सरासरी २१ मिनिटं. सिग्नल यात धरलेले नाहीत. ही २१ मिनिटं फक्त पार्किंगमध्ये, लिफ्टकडे बघत गेलेली.

माझ्या गाडीएवढं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितं, गॅसवरही हिशोब असाच. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर मी इंजिन बंद करतो. माझी गाडी परत चालू होताना आधी पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते, पण गरम इंजिनाला त्यात काही सेकंदच लागतात, म्हणजे बंद करणंच फायद्याचं. खरा खर्च त्याच्या पुढे आहे. गेटमधून आत शिरायचं, चार गतिरोधक, ए बिल्डिंग, मग सी, मग एफच्या समोर जागा नाही म्हणून मागे घेत वळवायची. हा सगळा प्रवास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर. मोकळ्या रस्त्यावर तेवढंच अंतर जायला जेवढं इंधन लागतं, त्याहून कितीतरी जास्त या आतल्या थोड्याशा अंतरात जातं. आणि गाडी उभी असते तेव्हा आधी बसलेली मुलंही अडकलेली असतात. पहिल्या थांब्यावरचा मुलगा झोपेतून जितका लवकर उठतो, तितकं लवकर उठायची त्याला खरं तर गरज नसते.

गेल्या जूनमध्ये मी एका सोसायटीतल्या चार पालकांना विचारलं. मुलं पाचवीच्या पुढची आहेत, गेटपर्यंत चालत येतील का? वॉचमनच्या केबिनशेजारी सप्तपर्णीचं झाड आहे, बाक आहे, उजेड आहे. तिघे लगेच हो म्हणाले. एक आई म्हणाल्या, "काका, आम्ही घरापर्यंतचे पैसे देतो." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना म्हटलं, ताई, पंधरा दिवस करून बघू, नाही जमलं तर मी परत बिल्डिंगखाली येईन. त्यांची खरी काळजी पैशांची नव्हती, ती नंतर बोलताना कळली. अंधारात मुलगी एकटी उभी राहणार ही होती. मग चौघांनी आपसात वार वाटून घेतले. रोज एक जण मोठं माणूस मुलांबरोबर गेटपाशी थांबतं. एका आजोबांनी तर स्वतःहून तीन वार घेतले, त्यांचा फिरायला निघायचा वेळ तोच आहे.

पहिल्या सोमवारी मी गेटबाहेर गाडी लावली तेव्हा चारही मुलं बाकावर बसलेली होती. ताईंनी दार उघडलं, दप्तरं आत, मुलं आत, दार बंद. घड्याळ लावलेलं होतंच. ५० सेकंद.

महिन्याच्या शेवटी वही सांगत होती, ॲव्हरेज सतरावरून साडेअठराच्या जवळ. वर आतल्या फेऱ्या वाचल्या म्हणून रोजचे दोनेक किलोमीटरही कमी झाले. ७० किलोमीटर पडायचे तिथे ६८. किलोचा दर नव्वदच्या आसपास धरला तर दिवसाला चाळीस रुपये, महिन्याला हजाराच्या जवळपास, तेही एकाच सोसायटीचे. ज्याचं महिन्याचं गणित पंक्चर आणि ऑइलच्या खर्चाने बिघडतं, त्याच्यासाठी हे फार आहे. या वर्षी त्या चार मुलांची फी मी एक रुपयाही वाढवलेली नाही, पुढच्या जूनमध्येही याच कारणाने वाढवणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

लहान वर्गातल्या मुलांसाठी मी आत्तासारखाच बिल्डिंगखाली येत राहीन. पाच-सहा वर्षांचं पोर दप्तर घेऊन गेटपर्यंत चालावं अशी माझी अपेक्षा नाही. ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांना सकाळी खाली येणं शक्यच नाही, त्यांच्यासाठीही नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी मी स्वतःच आत घेईन, तेव्हा वहीकडे बघणार नाही.

पण बाकीच्या पालकांना कळकळीने विचारतो. शंभर-दीडशे पावलांचा प्रश्न आहे. आनंदनगरच्या दोन सोसायट्या आणि वडगावमधली कालव्याजवळची एक, या तीन ठिकाणी मला एकेक थांबा हवा आहे. जागा तुम्ही ठरवा. उजेड असावा, गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण घेता यावी, आणि मुलांना रस्ता ओलांडावा लागू नये, एवढ्या तीनच अटी माझ्या. कोणाला शंका असेल तर वही बघायला या. सगळी पानं दाखवीन, जिथे माझी चूक झाली ती पानंसुद्धा.

या सोमवारपासून आनंदनगरच्या पहिल्या सोसायटीत सुरुवात करायचं ठरलंय, तिथल्या दोन पालकांनी होकार कळवला आहे. ६ वाजून २० मिनिटांनी मी गेटबाहेर, डाव्या हाताला, दिव्याच्या खांबाखाली गाडी लावेन. पहिला आठवडा ताई खाली उतरून मुलांना घ्यायला उभ्या राहतील. डबा आदल्या मिनिटाला भरून ठेवा, बाकी सगळं आम्ही बघतो.